दर एप्रिलला तापणारं ग्राफिक्स कार्ड: पेस्ट बदलण्याआधी खोलीची हवा मोजा

होळी झाली की पंधरा-वीस दिवसांत हे सुरू होतं. हिवाळ्यात चाळीस मिनिटांत उरकणारा रेंडर (थ्रीडी देखाव्याचं पक्कं चित्र काढण्याचं काम) पन्नास मिनिटं घेतो, मग तासावर जातो. कार्डाचे फॅन शेजारच्या खोलीत ऐकू येतील इतके घरघरतात. एखाद्या दिवशी स्क्रीन काळी पडते, फॅन पूर्ण वेगाने फिरत राहतात आणि बटण दाबून धरल्याशिवाय मशीन बंदही होत नाही. दुकानात नेलं की चिपवरची उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारी पेस्ट बदलून मिळते, आठ दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मृगाचा पाऊस पडला की काही न करता सगळं सुरळीत. आणि पुढच्या एप्रिलला पहिल्यापासून.

मी अकोल्यात राहतो, वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. इमारतींचे आणि घरांच्या आतले थ्रीडी देखावे करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्या सायकल्स इंजिनवर रेंडर लावला की कार्ड सलग दोन-तीन तास पूर्ण भारावर चालतं. कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. तीन उन्हाळे या त्रासात काढले. दोनदा पेस्ट बदलली, एकदा थर्मल पॅड (पेस्टसारखंच काम करणाऱ्या मऊ पट्ट्या), एकदा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा). चौथ्या उन्हाळ्यात कार्डाच्या तापमानाशेजारी हवेचं तापमानही वहीत लिहायला लागलो आणि आठवड्याभरात दोष सापडला. तो कार्डात नव्हता. ज्यांचे पैसे आणि दिवस असेच वाया जात आहेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

आकडा एकटा वाचू नका

हीटसिंक (चिपवर बसवलेला धातूच्या पाकळ्यांचा भाग) आणि फॅन मिळून चिपमधली उष्णता हवेत टाकतात, इतकंच त्यांचं काम. हवा ४० अंशांची असेल तर कार्ड ४० च्या खाली कधीही येणार नाही. त्या हवेपेक्षा ते किती वर राहील, एवढंच हीटसिंकच्या हातात असतं. भार तोच आणि फॅनचा वेग तोच ठेवला तर हा फरक वर्षभर जवळपास सारखा राहतो. म्हणून ‘माझं कार्ड ८४ वर जातंय, जास्त आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये ८४ म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय. चंद्रपुरात मेमध्ये ८४ म्हणजे कदाचित कार्ड अगदी ठणठणीत आहे.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण इथेच चूक होते. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फॅन आपोआप वर सोडू नका, ७० टक्क्यांवर पक्का करा. नाहीतर उन्हाळ्यात फॅन जास्त फिरतो आणि तुलनाच बिघडते. पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यायची ती मर्यादा) थोडी खाली आणा, ७० टक्के चालेल. असं का? आरटीएक्स ३० मालिकेच्या कार्डांचं कमाल तापमान ९३ अंश असलं तरी ८३ च्या आसपास पोहोचताच कार्ड स्वतःचं क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, उतरवायला लागतं. मग तापमान ८३ वर अडकतं, वेग घटत राहतो आणि तुम्हाला वाटतं की ठीक चाललंय, ८३ च्या वर तर जात नाही. ८३ वर चिकटून बसलेला आकडा म्हणजेच थ्रॉटलिंग. जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडून सेन्सरच्या पानावर परफकॅप रीझनची (वेग कशामुळे अडला ते सांगणारी) ओळ बघा, तिथे ‘थर्म’ दिसलं की खात्री झाली.

आता नेहमीचा एखादा सीन किंवा गेम पंचवीस मिनिटं चालवा. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा), क्लॉक, वॅट आणि फॅनचा वेग बघा. त्याच वेळी साधा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेट जिथून हवा ओढतं त्या तोंडाशी, वीतभर अंतरावर ठेवा. दुसरा थर्मामीटर खोलीच्या मध्यावर, बसल्यावर छाती येते त्या उंचीला. दोन्ही आधी अर्धा तास शेजारी-शेजारी ठेवून एकच आकडा दाखवतात का ते तपासा. ही पायरी टाळू नका. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि सेन्सर बिघडला होता हे मग हवामान विभागालाच सांगावं लागलं. तिथे असं होऊ शकतं तर बाजारातल्या दोन-अडीचशे रुपयांच्या डबीवर डोळे झाकून विश्वास कशाला ठेवायचा?

माझे आकडे: खोलीत ३७. कॅबिनेटच्या तोंडाशी ४४. कार्ड १२० वॅटवर, तापमान ७६. म्हणजे तोंडाशी असलेल्या हवेपेक्षा कार्ड ३२ अंश वर होतं. १२० वॅटला ३२ हा वाईट फरक नाही. पेस्ट आणि फॅन आपलं काम करत होते. गोंधळ होता तो ३७ आणि ४४ मधल्या सात अंशांत. खोलीत ३७ ची हवा असताना माझं कॅबिनेट ४४ ची हवा पीत होतं.

हा फरक वॅटच्या प्रमाणात वाढतो, हेही लक्षात ठेवा. १२० वॅटला ३२ म्हणजे माझ्या कार्डाच्या पूर्ण १७० वॅटला साधारण ४५. चव्वेचाळीस अधिक पंचेचाळीस, एकोणनव्वद. ८३ ला क्लॉक उतरवणाऱ्या कार्डाने मेमध्ये गुडघे टेकले यात त्याची काय चूक?

सात अंश आले कुठून

कॉम्प्युटर टेबलच्या कप्प्यातून. आपल्याकडे घरोघरी असतं तेच लाकडी टेबल: वर मॉनिटर, खाली सरकता कीबोर्ड, उजवीकडे कॅबिनेटसाठी उभा कप्पा, मागे प्लायवूडची पाठ आणि वायरींसाठी तिला मुठीएवढं भोक. कॅबिनेटने मागून सोडलेली गरम हवा पाठीवर आदळते, वर आणि बाजूने फिरून पुन्हा पुढे येते आणि पुढचे फॅन तीच परत ओढतात. जेवढा वेळ चालवाल तेवढं चक्र तापत जातं. दुकानात पेस्ट बदलल्यावर मशीन उघड्या टेबलावर तपासलं जायचं, तिथे ते छान चालायचं. घरी आणून मी ते पुन्हा कप्प्यात सरकवत होतो.

कॅबिनेट बाहेर काढून जमिनीपासून फूटभर उंच लाकडी पाटावर ठेवलं, मागे भिंतीपासून हातभर जागा सोडली. त्याच दिवशी, त्याच खोलीत तोंडाशी ३८ झाले. सहा अंश, फुकटात. थर्मल पॅड बदलून मला यातला एक अंशही मिळाला नव्हता.

तुमचं टेबल नसेल तर दुसरं काही असेल. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला अखंड काच आणि हवा यायला कडेने बोटभर फट. आरजीबीचे, म्हणजे रंगीत दिव्यांचे, तीन फॅन त्या काचेमागे नुसते गरगरत असतात. कॅबिनेट सतरंजीवर ठेवलेलं आणि खालून हवा घेणारा एसएमपीएस गुदमरलेला. धूळ बसू नये म्हणून घरातल्या कुणी मायेने शिवलेलं कापडी कव्हर, जे पुढून वर केलं तरी मागे तसंच लोंबत असतं. हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. बाजूचं पॅनेल काढा, पंधरा मिनिटं तोच भार द्या. कार्ड पाच अंशांहून जास्त उतरलं तर अडचण कॅबिनेटच्या हवेची आहे. दोन-तीनच उतरलं तर कॅबिनेट निर्दोष आहे, पुढे बघा. पॅनेल कायमचं काढून ठेवणं हा उपाय नव्हे. विदर्भातल्या एप्रिलच्या वावटळीत पंधरवड्यात आत मातीचा थर बसतो.

स्लॅबचं घड्याळ वेगळं असतं

मला वाटायचं की दुपारी दोन ते चार ही सगळ्यात वाईट वेळ. वहीने वेगळंच दाखवलं. माझ्या खोलीत सगळ्यात जास्त तापमान संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान असतं. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि ते आत पोहोचायला काही तास लागतात. बाहेर वारा सुटलेला असतो, लोक गच्चीवर पाणी मारून बसलेले असतात आणि खोलीचं छत मात्र हाताला चटका देत असतं. त्यात छताचा पंखा वरची तापलेली हवा ढकलून खाली आणतो. माणसाला पंख्याने बरं वाटतं कारण घाम वाळतो. कार्डाला घाम येत नाही. त्याला फक्त हवेचं तापमान कळतं.

कॉम्प्युटर स्वतःही खोली तापवतो, आणि तो किती तापवतो हे आपण धरतच नाही. रेंडरच्या वेळी माझं मशीन मॉनिटरसकट भिंतीतून साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढतं. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत साधारण बत्तीस किलो हवा असते. भिंतींनी काहीच शोषलं नाही असं धरलं तर साडेतीनशे वॅट ती हवा मिनिटाला अर्ध्या अंशाहून जास्त तापवतात. भिंती शोषतात म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण उन्हाळ्यात भिंती आधीच तापलेल्या असल्या की त्या तरी किती शोषणार? उष्मा आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून रेंडर लावायचा, हे मी तीन वर्षं करत होतो. बाहेरची हवा खोलीहून थंड झाली की खिडकी उघडायची. हा क्षण माझ्याकडे रात्री नऊनंतर येतो. त्याआधी उघडली तर झळाच आत येतात.

तीन गोष्टी केल्या. गच्चीवर मार्चअखेर चुन्याचे दोन हात मारले. संध्याकाळचा छताचा चटका नक्की कमी झाला. खिडकीच्या वरच्या भागात एक्झॉस्ट फॅन बसवला. आणि मोठे रेंडर पहाटे तीन ते सातमध्ये लावायला लागलो. पहाटेची खोली संध्याकाळच्या खोलीपेक्षा सात-आठ अंश थंड असते, आणि त्याची बरोबरी बाजारातला कोणताही फॅन करू शकत नाही. ज्यांचं काम रात्रीत लावून सोडण्यासारखं आहे त्यांनी सगळ्यात आधी हेच करून बघावं. गेमवाल्यांना हे सांगून उपयोग नाही, ते कळतं.

कूलर: मित्र, पण तोंड फिरवून ठेवायचा

वऱ्हाडात, नागपूर-चंद्रपूरकडे प्रत्येक घरात कूलर आहे, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. कोरड्या हवेत कूलर अप्रतिम काम करतो. मेच्या दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की ओल्या ताट्यांतून आलेली हवा बाहेरच्यापेक्षा बारा-पंधरा अंश थंड असू शकते. कार्डाच्या दृष्टीने हे सरळ बारा-पंधरा अंशांचं बक्षीस आहे.

म्हणून पहिल्या वर्षी मी कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडला. तापमान झकास उतरलं. जूनमध्ये उघडून पाहिलं तर फॅनच्या पात्यांवर, हीटसिंकच्या पाकळ्यांवर आणि मदरबोर्डच्या कडेला पांढरी, खरखरीत पूड बसलेली. आमच्याकडे कूलरला बोअरचं पाणी, आणि ते जड. कूलर जोरात असला की ताट्यांमधून बारीक थेंब उडतात, ते हवेत वाळतात आणि क्षार जिथे हवा जाते तिथे जाऊन बसतात. ओलसर हवेतली धूळ या क्षारांसकट चिकटते आणि पाकळ्यांमध्ये नमद्यासारखा थर तयार होतो. तो ब्लोअरने निघत नाही. मला कार्डाचा वरचा साज काढून, ब्रशने आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकेक फट साफ करावी लागली.

तेव्हापासून कूलरचा झोत समोरच्या भिंतीकडे असतो, कॅबिनेटकडे नाही. हवा खोलीत फिरून थंड झालेली कॅबिनेटला मिळते, थेंब मिळत नाहीत. कूलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवावीच लागते, नाहीतर ओलावा खोलीत साचतो, पाण्याची वाफ व्हायची थांबते आणि कूलर नुसता पंखा होऊन बसतो. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाका, नुसतं वरून भरत राहिलात तर क्षार वाढतच जातात. शक्य असेल तर नळाचं पाणी वापरा. वाळ्याच्या ताट्या नवीन असतील तर पहिले दोन दिवस त्यांचा भुसा उडतो, तेवढे दिवस कॅबिनेटच्या जाळीवर लक्ष ठेवा.

मृग लागला की हवेत ओलावा येतो आणि कूलर निकामी होतो. आपला जीव तेव्हा जास्त कासावीस होतो. पण थर्मामीटर बघा: खोली ३२ वर आलेली असते आणि कार्ड खूश असतं. ओलाव्याने हीटसिंकचं काही बिघडत नाही. तेव्हा कूलर बंद करा. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांना तर कूलरचा सल्ला लागूच नाही. तिथे एक्झॉस्ट किंवा एसी, आणि खाऱ्या हवेमुळे साफसफाई जास्त वेळा.

एक सापळा सांगून ठेवतो. कॉम्प्युटर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर असतो, कूलर आणि एसी नसतात. लाइट गेली की खोली थंड करणारं यंत्र बंद आणि तापवणारं चालू, अशी परिस्थिती होते. माझी पहिली काळी स्क्रीन अशाच वेळी आली होती. लाइट गेली की रेंडर थांबवा.

मग वॅट कमी करा

हवा सुधारली की उरलेलं काम वॅटचं. उन्हाळ्यापुरती पॉवर लिमिट उतरवणं हा मला सगळ्यात जास्त पटलेला उपाय, आणि लोक त्याला विनाकारण घाबरतात. आफ्टरबर्नरमध्ये एक पट्टी ओढायची, बस. कार्ड उघडायचं नाही, वॉरंटीला धक्का नाही, नको वाटलं तर परत शंभरवर. माझं कार्ड ७५ टक्क्यांवर, म्हणजे १२७ वॅटच्या आसपास चालतं. हवेपेक्षा फरक ४५ वरून ३४ वर आला. चाळीस मिनिटांचा रेंडर त्रेचाळीस मिनिटांत होतो. तापून थ्रॉटल होत तो तासभर चालायचा हे आठवलं की तीन मिनिटं काहीच नाहीत.

असं का होतं? चिपची वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरचे शेवटचे शंभर-दीडशे मेगाहर्ट्झ मिळवायला कार्ड बरंच जास्त व्होल्टेज घेतं. ते सोडून दिलं की वेग थोडा जातो, उष्णता भरपूर जाते.

हेच आणखी नीट करायचं तर अंडरव्होल्ट, म्हणजे त्याच वेगाला चिपला कमी व्होल्टेज देणं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा आलेख उघडतो. त्यात ८५० मिलीव्होल्टच्या जवळचा बिंदू आपल्याला हव्या क्लॉकवर उचलायचा आणि पुढची रेघ तिथेच सपाट करायची. आकडा प्रत्येक चिपचा वेगळा, दुसऱ्याचा उचलू नका. दोन तास खराखुरा रेंडर किंवा गेम चालवून बघा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळला तर २५ मिलीव्होल्ट वाढवा. आणि एक काळजी: उन्हाळ्यात जमलेलं सेटिंग थंडीत पुन्हा तपासा, कारण थंड कार्ड थोडं वरचं क्लॉक घेतं आणि तेव्हा कधीकधी अडखळतं. माझी ‘मार्च’ आणि ‘नोव्हेंबर’ अशी दोन प्रोफाइल आहेत.

गेमसाठी याहून सोपं: फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला) लगाम घाला. मॉनिटर ६० हर्ट्झचा आणि कार्ड १४० फ्रेम काढतंय, तर वरच्या ८० फ्रेम तुम्हाला दिसतही नाहीत, त्यांची उष्णता मात्र तुमच्याच खोलीत पडते. माझ्या भाच्याचं कार्ड केवळ या एका बदलाने निम्म्या वॅटवर आलं. कार्ड चालू असूनही फॅन थांबवून ठेवण्याची सोय आहे, तीही उन्हाळ्यात बंद करा. ३८ च्या खोलीत कार्ड रिकामं असतानाच ५५ वर बसतं आणि फॅन सारखे सुरू-बंद होत राहतात. तीस टक्के वेगावर सतत फिरू द्या.

आणि दोष खरंच कार्डात असेल तर

फरक वाढला असेल तरच कार्ड उघडायचं. म्हणजे त्याच भाराला, त्याच फॅनला आधी ३२ होता तो आता ४० झाला, असं. क्रम असा ठेवा. पहिलं, धूळ. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. दुसरं, फॅन. तीनपैकी एखादा फिरतच नाही किंवा अडखळत फिरतो, हे कॅबिनेट बंद असताना वर्षभर लक्षात येत नाही. टॉर्च लावून डोळ्यांनी बघा. हाताने हलवल्यावर पातं डुगडुगत असेल तर फॅन बदला. मागच्या लेबलवर मॉडेल क्रमांक असतो, त्यावरून मिळतो. शिलाई मशीनचं तेल घालून तो काही दिवस चालतो, पण मेमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका.

पेस्ट तिसरी. ती कधी बदलायची हे हॉटस्पॉट सांगतो. चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट यांत दहा-पंधरा अंशांचं अंतर नेहमीचं. पंचवीसच्या पुढे गेलं की पेस्ट सुकली किंवा कडेला सरकली. रोज तापणं आणि निवणं चालू असलं की पातळ पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते, आणि आपल्याकडे हे जास्त होतं कारण तापमानाची झेप मोठी असते. म्हणून पुन्हा भरायची तर घट्ट पेस्ट घ्या, किंवा फेज-चेंज पॅड. ते ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन बसतं आणि बाहेर सरकत नाही. आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा दिसत नाही, तिथे फक्त हवेपासूनच्या फरकावर अवलंबून राहावं लागतं. एएमडीच्या आरएक्स ६००० आणि ७००० कार्डांत हॉटस्पॉट ११० पर्यंत चालेल असंच धरलेलं आहे; ९५ पाहून घाबरू नका, अंतर बघा. थर्मल पॅड बदलायचे तर जाडी मिलिमीटरच्या अर्ध्यापर्यंत मोजूनच. जाड पॅड बसवला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि होतं त्याहून वाईट होतं. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारून घ्या.

काळ्या स्क्रीनबद्दल वेगळं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉग फाइल सुरू ठेवा. मशीन पडलं की त्या फाइलची शेवटची ओळ वाचा. कार्ड तेव्हा ९० च्या वर होतं तर दोष उष्णतेचा आणि वर लिहिलेलं सगळं लागू. कार्ड ७५ वर असताना पडलं, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ (मशीन अचानक बंद पडल्याची नोंद) एवढंच दिसतंय, तर एसएमपीएसवर संशय घ्या. एसएमपीएसवरचा ८० प्लसचा (कमी वीज वाया घालवण्याचा) शिक्का ज्या चाचणीवर मिळतो ती साधारण २३ अंशांच्या हवेत होते. ४४ च्या कप्प्यात तोच एसएमपीएस वेगळा वागतो, आतले कपॅसिटरही लवकर म्हातारे होतात. माझा बदललेला एसएमपीएस दुसऱ्याच उन्हाळ्यात कुरकुरायला लागला होता. पाटावर आल्यापासून गप्प आहे. ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाल्याची नोंद ४१०१ या क्रमांकाने दिसत असेल तर आधी अंडरव्होल्ट काढून बघा.

वॉटर कूलिंग घ्यावं का, हे मला बरेच जण विचारतात. रेडिएटरमधलं पाणीही खोलीच्या हवेनेच थंड होतं. हवेपेक्षा फरक कमी होतो, हवा थंड होत नाही. त्या पैशांत एक्झॉस्ट फॅन, जाळीदार कॅबिनेट आणि चुना येतो. कॅबिनेटजवळ बर्फाची पिशवी ठेवणं मात्र अजिबात करू नका. पिशवीवर जमलेलं पाणी कुठे ठिबकेल सांगता येत नाही. लॅपटॉपवाल्यांनी मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवावी, गादीवर ठेवू नये आणि पॉवर लिमिटचं सगळं वरचंच करावं.

यंदा नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) एका संध्याकाळी खोली ४० वर होती आणि काम दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचंच होतं. कॅबिनेट पाटावर, लिमिट ७५, फॅन ७०. वहीत त्या दिवशीची नोंद: तोंडाशी ४१, कार्ड ७५, क्लॉक शेवटपर्यंत हलला नाही. फरक ३४. डिसेंबरच्या पानावर त्याच सीनला, त्याच सेटिंगवर २३ आणि ५७ लिहिलेलं आहे, तिथेही फरक ३४ च. पेस्ट त्यामुळे या वर्षी तशीच राहू दिली आहे.